शेठच्या बोटी

आमचे अण्णा, म्हणजे माझे आजोबा, रावळगावच्या साखर कारखान्यात होते. मालेगाव तालुक्यातलं रावळगाव, गोळ्यांचं, हो तेच. सुट्टीत गेलं की अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात चारपाच गोळ्या असायच्या, कागद दोन्ही टोकांना पिळलेला, उन्हाने आतली गोळी जरा घामेजलेली, त्यामुळे सोलताना कागदाचा एखादा तुकडा तिला चिकटून राहायचा आणि तो मग तोंडातच जिभेने सुटा करायचा. गोळी तोंडात गेली की अण्णांचं वाक्य ठरलेलं. "ह्या शेठच्या समुद्रात बोटी होत्या बरं का."

मला ते कधी कळलंच नाही. ऊस कळत होता, साखर कळत होती, गोळ्या तर कळतच होत्या, पण मधेच बोटी कुठून आल्या? आमच्याकडे पाणी म्हणजे गिरणा आणि कॅनॉल. समुद्र मी पहिल्यांदा बघितला तो बारावीनंतर, मुंबईला मामाकडे गेले तेव्हा.

आता मी नाशिकला असते आणि पिंपळगावजवळ द्राक्ष एक्सपोर्टच्या एका ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते, अकरा वर्षं झाली. शिपिंग बिल, फायटो म्हणजे मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग म्हणजे बोटीत माल चढल्याची पावती, सगळं माझ्या हातून जातं. म्हणजे रोज बोटींची नावं टाईप करते मी. आणि तरी बोटींचा विचार कधी केला नव्हता, तो करायला लावला दिंडोरीकडच्या एका काकांनी.

2024 चा सीझन आठवत असेल ज्यांचा द्राक्षाशी संबंध आहे त्यांना. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले होते, बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, युरोपला जो माल साधारण तीनसाडेतीन आठवड्यांत पोचायचा त्याला पाच आठवडे आणि वर लागायला लागले, आणि भाडं तर विचारूच नका. काकांचा एक कंटेनर आम्ही फेब्रुवारीत भरला. थॉमसन जातीची द्राक्षं, मणी सुंदर, साखर चांगली. माल आधी थंड करून, पनेट म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत भरून, बुरशी धरू नये म्हणून वर सल्फरचा पॅड टाकून, तापमान नोंदवणारा डेटा लॉगर आत ठेवून दार सील केलं तेव्हा मी स्वतः तिथे उभी होते. बुकिंग थेट बोटीचं होतं. पण लाईनने, म्हणजे बोटी चालवणाऱ्या कंपनीने, मधेच रूट बदलला, मधल्या एका बंदरात कंटेनर उतरवला, पुढच्या बोटीत त्याला जागा मिळाली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आमच्या भाषेत कंटेनर रोल झाला. दोनदा. अकरा दिवस तो तिथे पडून होता, मी रोज सकाळी ट्रॅकिंग उघडायचे आणि रोज तीच ओळ. उघडला तेव्हा मणी बरे होते पण देठ तपकिरी पडलेले, आणि युरोपात देठ हिरवा नसला की भाव पडतोच. लाईनचं उत्तर दोन ओळींचं आलं, परिस्थिती आमच्या हाताबाहेरची होती म्हणून.

काकांना फोन मीच केला. ते ओरडले नाहीत. बराच वेळ गप्प राहिले आणि मग एवढंच विचारलं, "ताई, पण बोट कोणाची होती?"

मला सांगता आलं नाही. अकरा वर्षं ज्या बोटींची नावं टाईप करते त्यातली एक कोणाची हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री शोधलं. कंपनी युरोपातली, बोटीचा मालक तिसऱ्याच देशातला, झेंडा, म्हणजे बोटीची नोंदणी, लायबेरियाची. अशा बोटींवर भारतीय मुलं मात्र भरपूर असतात, जगाला खलाशी आणि अधिकारी पुरवणाऱ्या मोठ्या देशांत आपण आहोत. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतलाच एक मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, सहासहा महिने बोटीवर असतो, आणि भारतीय झेंड्याच्या बोटीवर त्याने आजवर एकदाही काम केलेलं नाही.

आणि त्या रात्रीच मला अण्णांचं वाक्य पहिल्यांदा कळलं. रावळगावचे शेठ म्हणजे वालचंद हिराचंद. सोलापूरचे. 1933 मध्ये रावळगाव, 1942 पासून गोळ्या, हे मला माहीत होतं. त्याच्या आधीचं माहीत नव्हतं. 1919 मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास ह्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, ग्वाल्हेरच्या महाराजांकडची 'लॉयल्टी' नावाची जुनी बोट घेतली आणि 5 एप्रिल 1919 ला ती मुंबईहून लंडनला निघाली. आज 5 एप्रिलला राष्ट्रीय नौवहन दिन पाळतात तो ह्या बोटीमुळे. बोट निघाली ती पोचलीही, पण धंदा म्हणून टिकली नाही, चारेक वर्षांत भंगारात गेली.

धंदा का टिकला नाही हे वाचताना मला आमच्याच ऑफिसातलं काहीतरी वाचतेय असं वाटत होतं. तेव्हा समुद्रावर पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया ह्या कंपन्यांचं राज्य होतं, दोन्हींच्या डोक्यावर लॉर्ड इंचकेप. नवीन देशी बोट आली की हे लोक भाडं पार तळाला न्यायचे, स्वतःचा तोटा सोसून, कारण त्यांचा खिसा खोल होता आणि समोरच्याचा नव्हता. शिवाय व्यापाऱ्याला बांधून ठेवायची एक रीत होती, आता तुम्ही भाडं पूर्ण भरा, ठरलेले महिने फक्त आमच्याच बोटींत माल टाकलात तर त्यातले काही टक्के मागाहून परत मिळतील, एक खेप जरी दुसऱ्याच्या बोटीत गेली तरी सगळे पैसे बुडाले. आता सांगा, ज्याचे पैसे असे अडकलेत तो व्यापारी देशप्रेमी असला तरी नवीन बोटीत माल टाकेल का?

ह्याच्या आधी हेच तुतिकोरिनला झालं होतं. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै, टिळकांना मानणारा माणूस, 1906 मध्ये त्यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि तुतिकोरिन ते कोलंबो बोटी सुरू केल्या. समोरच्या ब्रिटिश कंपनीने तिकीट इतकं खाली आणलं की शेवटी लोकांना फुकट न्यायला लागले, आणि वर प्रत्येकाला एक छत्री भेट. 1908 मध्ये चिदंबरमना राजद्रोहाखाली धरलं, कोइम्बतूरच्या तुरुंगात त्यांना तेलाच्या घाण्याला बैलासारखं जुंपलं. बाहेर त्यांची कंपनी 1911 पर्यंत संपली. ती छत्री माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याने ती घेतली त्याला मी दोष देऊ शकत नाही, गरीब माणसाला फुकट प्रवास आणि छत्री मिळत असेल तर तो घेणारच. पण देशी बोट बंद पडल्यावर तिकीट किती झालं असेल हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून किनारा राखून ठेवा ही मागणी आली. म्हणजे काय, तर भारताच्या एका बंदरातून भारताच्याच दुसऱ्या बंदरात जाणारा माल फक्त भारतीय बोटींनी न्यायचा. ह्याला कॅबोटाज म्हणतात, आमच्या धंद्यात हा शब्द सर्रास चालतो. 1923 मध्ये सरकारनेच नेमलेल्या कमिटीने तशी शिफारस केली होती. 1928 मध्ये सिंदियाच्याच साराभाई हाजींनी दिल्लीच्या कायदेमंडळात बिल मांडलं. ब्रिटिश कंपन्या म्हणाल्या हा भेदभाव आहे, सगळ्यांना समान हक्क हवा. गांधीजींनी ह्याच वादात राक्षस आणि बुटक्याचा दाखला दिला होता, की दोघांना एकाच नियमाने मैदानात उभं केलं तर त्याला समानता म्हणायचं का. ते बिल कायदा झालंच नाही, आणि 1935 च्या भारत सरकार कायद्यात तर उलट कलम आलं, की ब्रिटिश बोटींना भारतीय बोटींपेक्षा वेगळी वागणूक द्यायची नाही. आणि हे म्हणणारा देश कोणता, तर ज्याने 1651 पासून 1849 पर्यंत जवळजवळ दोनशे वर्षं स्वतःचा व्यापार स्वतःच्या बोटींसाठी नॅव्हिगेशन ॲक्ट करून राखून ठेवला होता. मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडाच्या इतक्या भक्कम बोटी बांधायचे की 1817 ची 'ट्रिंकोमाली' अजून इंग्लंडमध्ये तरंगतेय. बोटी बांधता येत नव्हत्या म्हणून आपण मागे पडलो असं कोणी म्हटलं तर मला सहन होत नाही.

वालचंद थांबले नाहीत. 1941 मध्ये विशाखापट्टणमला गोदीची कोनशिला बसली आणि 14 मार्च 1948 ला तिथे बांधलेली 'जलउषा' नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच किनारा भारतीय बोटींसाठी राखला गेला, 1958 च्या मर्चंट शिपिंग ॲक्टचं 407 कलम तेच सांगत होतं. तीस वर्षांपूर्वी मागितलेलं मिळालं.

इथवर वाचून मी खूश होते, खरं सांगते. काकांना सांगायला उत्तर मिळालं असं वाटलं, आपल्या बोटी हव्यात, कायदा कडक हवा, बस. पण मग पुढचं वाचलं.

कायदा आला पण बोटी पुरेशा वाढल्या नाहीत. भारतीय झेंडा लावला की बोट घ्यायला महाग कर्ज, तेलावर कर, खलाशाच्या पगारावर कर, आणि परदेशी झेंड्याच्या बोटीला ह्यातलं बरंच काही नाही. म्हणजे सरकारने एका हाताने किनारा राखून ठेवला आणि दुसऱ्या हाताने तिथे चालणाऱ्याच्या पायात बेडी घातली. आपल्या परदेशी व्यापारातला भारतीय बोटींचा वाटा 1980 च्या दशकात 40 टक्क्यांच्या जवळपास होता, आता दहाच्याही आत आहे. ज्या सिंदियाने हे सगळं मागितलं ती कंपनीही राहिली नाही.

आणि कोलंबोचं बघा. समजा 2018 च्या आधीचा कोलकात्याचा कंटेनर आहे, त्याला युरोपच्या मोठ्या बोटीत चढवायचंय. तो भारतातल्याच एखाद्या मोठ्या बंदरात आणून चढवता आला असता, पण कोलकाता ते ते बंदर हा झाला किनारी प्रवास, तिथे परदेशी बोट चालणार नाही, भारतीय बोट मिळेल तेव्हा मिळेल. तोच कंटेनर कोलंबोला न्यायला मात्र कुठलीही परदेशी बोट चालते, कारण तो परदेश प्रवास. मग माल कुठे जाणार? आपला जो माल असा बोट बदलून जातो त्यातला 75 टक्क्यांच्या आसपास परदेशी बंदरांत बदलला जायचा, हे सरकारचंच सांगणं. कोलंबो, सिंगापूर, मलेशियातलं क्लँग. फक्त ह्या कायद्यामुळेच असं नाही, आपल्याकडे खोल बंदरं कमी होती, कोलंबो जगाच्या रस्त्यावरच आहे, पण कायद्याने धक्का दिला हे नक्की. आपल्या बोटी वाचवायला केलेल्या नियमाने श्रीलंकेतल्या क्रेनला काम दिलं.

अमेरिकेत ह्याच्या कितीतरी पुढचा कायदा आहे, जोन्स ॲक्ट. 1920 चा, म्हणजे आपली 'लॉयल्टी' निघाल्यावर वर्षभराने. वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वेस्ली जोन्स ह्यांचं नाव, त्यांच्या सिॲटलच्या व्यापाऱ्यांना अलास्काची वाहतूक कॅनडाच्या बोटींकडे जाऊ द्यायची नव्हती. नियम असा की अमेरिकेच्या दोन बंदरांत माल न्यायचा तर बोट अमेरिकन मालकीची, झेंडा अमेरिकन, खलाशी मुख्यतः अमेरिकन, आणि बोट बांधलेलीही अमेरिकेतच हवी. ही शेवटची अट आपल्याकडे कधीच नव्हती, आपण बोट बाहेरून विकत घेऊन झेंडा लावू शकत होतो. तिकडे बांधलेली बोट कोरियातल्या बोटीच्या कित्येक पट महाग पडते, म्हणून मालक जुनी बोट वर्षानुवर्षं ओढत राहतात. आणि हे सगळं भरतो कोण? हवाई, अलास्का आणि कॅरिबियनमधलं अमेरिकेचं बेट प्वेर्तो रिको. ज्यांच्याकडे ट्रक सहज जाऊ शकत नाही ते. न्यूयॉर्कच्या माणसाला दुसरा रस्ता आहे, बेटावरच्या माणसाला नाही.

2017 च्या सप्टेंबरात प्वेर्तो रिकोला मारिया वादळ धडकलं, 20 तारखेला. अख्खं बेट अंधारात. आणि तेव्हा चर्चा काय, तर जोन्स ॲक्टला सूट द्यायची की नाही. आठवड्याने, 28 तारखेला सूट मिळाली, तीही दहा दिवसांची. आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की तेव्हा हजारो कंटेनर बेटाची राजधानी सान हुआनच्या बंदरात उतरलेले पडून होते, रस्ते तुटलेले, ड्रायव्हर नाहीत, डिझेल नाही, त्यामुळे सगळा दोष बोटींच्या कायद्यावर टाकता येत नाही. पण ज्या लोकांना अध्यक्ष निवडायला मत नाही त्यांना आपल्याकडे कुठली बोट येऊ द्यायची हे दुसऱ्यांना विचारावं लागतं, हे मला फार लागलं.

सिनेटर मॅकेन वर्षानुवर्षं हा कायदा रद्द करा म्हणत राहिले, गेले, कायदा आहे तिथेच आहे. कारण गोदीतल्या कामगाराला आणि खलाशाला त्यात नोकरी दिसते, ठसठशीत, तो मोर्चा काढतो, खासदाराला भेटतो. बेटावरच्या बाईला दुधाच्या डब्यावर जे चार पैसे जास्त पडतात ते तिला दिसतही नाहीत, डब्यावर कोणी छापत नाही की ह्यातले इतके बोटीचे. नाशिकमध्ये हे वेगळं समजवायची गरज नाही. कांदा महागला की शहरातला माणूस ओरडतो, 8 डिसेंबर 2023 ला निर्यात बंद झाली तशी बंद होते, आणि लासलगावला ट्रॅक्टरच्या रांगेत उभ्या माणसाच्या घरात काय झालं ते दिल्लीला ऐकू जात नाही. तिथे आपण म्हणतो बाजार मोकळा ठेवा. आणि बाहेरचा बेदाणा आला की आपणच म्हणतो शुल्क वाढवा. मी दोन्हीकडच्या लोकांसोबत बसून चहा घेते, दोन्ही वेळा मला त्यांचं पटतं, आणि म्हणून संरक्षण चांगलं की वाईट ह्या प्रश्नात मला आता रस राहिलेला नाही. कोणाचं संरक्षण, किती वर्षं, आणि पैसे कोण भरतंय, एवढंच मी बघते.

2018 च्या मे महिन्यात आपल्याकडे कॅबोटाज बरंच सैल झालं. निर्यात-आयातीचे कंटेनर, रिकामे कंटेनर, आणि शेतमाल, परदेशी बोटी एका भारतीय बंदरातून दुसऱ्या बंदरात नेऊ शकतील असं ठरलं. भारतीय बोटमालक नाराज झाले, बंदरं आणि आमच्यासारखे एक्सपोर्टवाले खूश. मला वाटलं होतं आता कांदा तरी न्हावा शेवाहून कोचीला बोटीने जाईल. आमच्या ओळखीच्या एका कांदा व्यापाऱ्याला मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, ताई, ट्रक रात्री माझ्या खळ्यावर लागतो, माझीच माणसं गोण्या भरतात, आणि केरळात तो थेट गाळ्यासमोर उभा राहतो. बोटीला आधी घाट उतरा, बंदरात थांबा, बोटीची तारीख बघा, तिकडे उतरवा, परत ट्रक. तेवढ्यात कांद्याला कोंब येतील. भाडं वाचेल पण कांदा वाचेल का? बरोबर होतं त्याचं. दार उघडलं तरी दारापर्यंत रस्ता नव्हता.

2025 च्या ऑगस्टमध्ये किनारी नौवहनाचा नवा कायदा झाला. त्यानुसार भारतीय बोटीला किनाऱ्यावर फिरायला परवाना लागत नाही, परदेशी बोटीला लागतो. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबरात, बोटी बांधण्यासाठी 69,725 कोटींचं पॅकेज मंजूर झालं. मला ह्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. वालचंदांनी किनारा मागितला तेव्हा त्यांच्याकडे बोटी होत्या, माणसं होती, गोदीचा नकाशा डोक्यात होता, त्यांना फक्त कोणी गळा दाबू नये एवढं हवं होतं. नंतर आपण किनारा राखून ठेवला आणि बोटी विसरलो. आता पैसे येतायत तर कुठल्या गोदीत किती बोटी उतरल्या ते दरवर्षी विचारलं पाहिजे, आणि सवलतीला मुदत घातली पाहिजे, दहा वर्षं घ्या, पंधरा घ्या, पण तारीख हवी, नाहीतर अमेरिकेसारखी शंभर वर्षं निघून जातील आणि अंदमानातला कोणीतरी चेन्नईहून येणाऱ्या बोटीची वाट बघत राहील. आणि पूर्ण मोकळं सोडा म्हणणाऱ्यांना मी 2024 चा फेब्रुवारी दाखवेन. सगळ्या बोटी दुसऱ्यांच्या असतात तेव्हा अडचणीच्या वेळी आपला कंटेनर रांगेत कुठे राहतो ते मी अकरा दिवस बघितलंय.

काकांना मी हे सगळं सांगितलं, त्यांच्याच ओट्यावर बसून, एकदा मालाच्या पाहणीला गेले होते तेव्हा. छत्रीची गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त लागली. म्हणाले, "म्हणजे फुकटात नेलं आणि मग गळा धरला." मग बराच वेळ बागेकडे बघत बसले.

ऑफिसच्या एक्सेल शीटमध्ये मी एक कॉलम वाढवलाय, बोटीच्या नावाशेजारी, झेंडा म्हणून. साहेबांनी विचारलं कशाला, मी म्हटलं शेतकरी विचारतात. लायबेरिया, पनामा, मार्शल आयलंड्स, सिंगापूर, हाँगकाँग, असं भरत चाललंय. भारत अजून एकदाही लिहिलेलं नाही. काकांचा ह्या सीझनचा पहिला कंटेनर उद्या पहाटे भरतोय, उजाडायच्या आत निघाला तर कसारा उतरून दुपारपर्यंत न्हावा शेवाला गेट-इन होईल, म्हणजे बंदरात आत घेतला जाईल. ह्या वेळी बोटीचं नाव, मालक आणि झेंडा मी कागदावर लिहून त्यांच्या हातात देणार आहे.